पश्चिमेची भिंत

चुनामिस्त्री भिंत आधी चाखत. कोपऱ्यातली चिमूटभर पूड नखाने खरवडून ती जिभेच्या टोकावर ठेवत, क्षणभर डोळे मिटत, थुंकत आणि मग सांगत की या भिंतीत खार उतरला आहे, ही कोरडी आहे, हिच्यात कुणीतरी खाडीची वाळू घातली आहे. जुन्या सुरतेतल्या पडक्या घरांचे मालक या प्रकाराला आधी हसत. पुढे भिंत उकरल्यावर बहुतेक वेळा मिस्त्रींचं म्हणणं खरं निघे.

ते मूळचे अमळनेरजवळच्या एका खेड्याचे. वडील गिरणीत काम करायला सुरतेला आले आणि गिरणी बंद पडल्यावरही परत गेले नाहीत. मुलाला मागावर उभं राहायचं नव्हतं. तो जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराच्या हाताखाली चुन्याचं काम शिकला. त्या कारागिराला ते आयुष्यभर उस्ताद म्हणत आले. बाकीचे सगळे गवंडी सिमेंटकडे वळले तेव्हा हा एकटा चुन्यात राहिला, म्हणून ते राहत त्या नवागामच्या गल्लीने त्यांना चुनामिस्त्री केलं. रेशनकार्डावरचं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या दोन खोल्यांच्या मागे जमिनीत एक टाकी होती. तीत कळीचा चुना पाण्याखाली मुरत पडलेला असे, वर पत्रा, पत्र्यावर दोन दगड. चारी बाजूंनी पॉवरलूमचा खडखडाट चाले आणि मधोमध ही टाकी महिनोन्महिने काहीही न करता पडून असे. शेजारचा मागवाला जाता-येता विचारी, मिस्त्री, दही लागलं का? एकदा मिस्त्रींनी त्याला अहिराणीत उत्तर दिलं ते गल्लीत बरेच दिवस फिरत होतं. "दही एक रातमा लागस. हाई पिकस तवलोंग तुन्हा पोऱ्यानं लगन व्हई जाई." त्या शेजाऱ्याचा पोरगा तेव्हा पाळण्यात होता. घाईची कामं घेऊन येणाऱ्या बिल्डरांना ते चहा पाजत आणि परत पाठवत.

मी तेव्हा एका वृत्तपत्रासाठी जुन्या शहराच्या बातम्या करत असे. मिस्त्रींची गाठ पडली ती तापीकडे उतरणाऱ्या एका गल्लीतल्या मशिदीत. लोक तिला तकियावाली मशीद म्हणतात. तकिया म्हणजे फकीर-दरवेशांच्या उतरण्याची आणि साधनेची जागा. सुरत बंदर होतं त्या काळी हजला निघालेले लोक इथे जहाजाची वाट पाहत थांबत. त्यांच्यातल्या दरवेशांसाठी कुणीतरी ही वास्तू बांधली. कुणी आणि कधी, याचा कागद ट्रस्टकडे नाही. पुढे जहाजं मुंबईला जाऊ लागली, दरवेश यायचे थांबले, शेवटचा फकीर वारला आणि मोहल्ल्याने तिथे नमाज सुरू केला. एवढंच तोंडी चालत आलेलं आहे. बाकीचं मिस्त्रींनी भिंतींवरून वाचलं होतं, आणि त्यांनी मला ते हात धरून दाखवलं.

दार इतकं बुटकं की आत जाताना प्रत्येकाला वाकावं लागतं. आत फरसबंद अंगण आणि विहीर. उत्तरेला चार हुजरे, म्हणजे दरवेशांच्या राहायच्या खोल्या. प्रत्येक हुजऱ्यात दोन कोनाडे आहेत. एकाला दिव्याची काजळी धरलेली आहे, दुसऱ्याला नाही, तिथे भिक्षेचं पात्र ठेवत असावेत. अंगणाच्या पश्चिमेला मोठी चौकोनी खोली. चार सागवानी खांब दगडी बैठकांवर उभे, वर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत. मिनार नाहीत, दर्शनी भिंतीवर नंतर बसवलेले दोन बुटके मनोरे तेवढे आहेत. पश्चिमेच्या भिंतीत मधोमध मिहराब, नमाजाची दिशा दाखवणारी कमान. मिस्त्रींनी बोटांच्या पेरांनी मिहराबच्या कडेला ठोकून दाखवलं. कमानीच्या आत आवाज वेगळा येत होता. तिथे पूर्वी दार होतं, पलीकडे पिराची कोठडी. मशीद झाली तेव्हा दार विटांनी भरलं आणि त्याचंच मिहराब केलं. भरावाच्या विटा जाड आहेत, मूळ भिंतीच्या पातळ.

जमिनीवरचे काळ्या दगडाचे पट्टे मात्र भिंतींना समांतर नाहीत, तिरपे आहेत. इमारत गल्लीला धरून बांधलेली होती आणि मक्केची दिशा तिथून थोडी उजवीकडे पडते. त्यामुळे नमाजाच्या रांगा खोलीत तिरप्या उभ्या राहतात आणि एका कोपऱ्यात तिकोनी जागा मोकळी सुटते. तिथे कुराणाच्या प्रतींची घोडी ठेवलेली असते. नवीन आलेल्या माणसाचा पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो, तो भिंतीकडे पाहून उभा राहतो. मिस्त्रींनी या तिरपेपणाचं कारण दोन वाक्यांत सांगितलं. "पहिले आठे मानसे गोल बसेत, एकमेकस्ना तोंडकडे पाहेत. मंग समदा एक दिशाले पाहू लागनात." आठे म्हणजे इथे. वास्तूचा सगळा इतिहास त्यात होता. मी तो बातमीत वापरला आणि संपादकांनी तेवढीच दोन वाक्यं गाळली.

मिस्त्री बौद्ध होते. मशिदीत ते चपला काढून, डोक्याला रुमाल बांधून काम करत आणि नमाजाच्या वेळी हत्यारं गुंडाळून अंगणात विहिरीच्या काठी बसत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. उस्ताद तसं करत म्हणून तेही करत. जुमा, म्हणजे शुक्रवारचा नमाज, संपला की मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणारे गृहस्थ, बाहेर येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलत. मुतवल्ली पेठेतले कापडाचे व्यापारी, मितभाषी. दोघांत वीस वर्षांची ओळख होती आणि बोलणं बहुधा पाणी, पाऊस आणि छपराची गळती यांपुढे जात नसे.

त्या पहिल्या भेटीत मिस्त्रींनी मला तीन भिंती चाखून दाखवल्या. पश्चिमेची चाखली नाही. तिच्यावर जमिनीपासून खांद्यापर्यंत गुळगुळीत राखाडी गिलावा होता आणि त्याच्या वर भिंतीला पोट आलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, ती पुराने खराब झाली. तापीला मोठा पूर आला तेव्हा इथे छातीइतकं पाणी उभं होतं, हे खरंच होतं. मोहल्ल्यात लहानथोर सगळे हेच सांगत. मीही तेच लिहिलं.

त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे अगदी अलीकडे, ट्रस्टने इमारत तपासायला इंजिनियर आणला. पश्चिमेची भिंत धोक्याची आहे, ती गेली तर तक्तपोशी येईल, असं त्याने लेखी दिलं. चुन्याची बांधकामं पुरात टिकत नाहीत, असंही लिहिलं. ट्रस्टमध्ये आधीपासून एक विचार होताच. जुम्याला माणसं मावत नाहीत, अर्धी गल्लीत चादरी टाकून बसतात. सगळं पाडून तीन मजली आरसीसी इमारत बांधावी, रांगा सरळ याव्यात. यात चुकीचं काही नव्हतं. पुढच्या जुम्याला लोकांना विचारून ठराव करायचा असं ठरलं.

बातमी करण्याआधी मी मिस्त्रींकडे नवागामला गेलो. त्यांची पत्नी, जिला गल्ली माय म्हणते, ताट वाढत होती. मुलगा सिद्धार्थ लिंबायतला रिक्षा चालवतो, तो नुकताच आला होता. मिस्त्रींनी मला बसायला सांगितलं आणि जेवायच्या आधी एक गोष्ट सांगितली.

पुराच्या दोनेक वर्षं आधी उस्ताद आजारी पडले आणि तकिया मशिदीची देखभाल मिस्त्रींकडे आली. चुन्याची जुनी भिंत दर वर्षी थोडी झडते, पांढरी पूड खाली पडते. उस्ताद म्हणायचे, झडू दे, ती श्वास घेते आहे. मिस्त्रींना त्याची लाज वाटायची. नमाजाला येणाऱ्यांच्या कपड्यांना पूड लागे. त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला खांद्यापर्यंत सिमेंटचा गिलावा केला, काचेसारखा घोटला. लोक खूश झाले. मुतवल्लींनी सगळ्यांसमोर त्यांना शाल दिली. उस्तादांना ते बोलले नाहीत. उस्ताद त्याच हिवाळ्यात वारले. मग पूर आला. पाणी चारी भिंतींत शिरलं. तिघी एका उन्हाळ्यात सुकल्या. चौथीच्या आतलं पाणी सिमेंटमागे अडकून राहिलं, दर पावसाळ्यात जमिनीतून आणखी चढत राहिलं. मिस्त्रींना हे पुरानंतरच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून त्यांनी त्या भिंतीला जीभ लावली नव्हती.

जुम्याला ते हे सगळ्यांना सांगणार होते. तोवर मी काही छापू नये, एवढी त्यांची विनंती होती.

सिद्धार्थने ताट बाजूला सरकवलं. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "बाबा, समदा लोके पूरनं नाव लेतस. तुम्ही कसाले आपलं नाव लेतस?" मग तो मराठी-हिंदीवर आला. आजकालचे दिवस कसे आहेत ते बाबांना ठाऊक नाही का, आपण कोण, ती मशीद कोणाची. उद्या कुणी म्हणालं, याने मुद्दाम केलं, तर कोण ऐकून घेणार? आणि मशिदीतून निघालेली गोष्ट जैनांच्या देरासरापर्यंत जाईल, पारशांच्या घरांपर्यंत जाईल. भिंत खराब करणारा गवंडी म्हटल्यावर चुन्याचं एक काम मिळणार नाही. तो बोलत होता त्यातलं खोटं काही नव्हतं, आणि मिस्त्रींनी त्यातलं काही खोडलंही नाही. माय म्हणाली, त्यास्ले जेवू दे आधी. मिस्त्री जेवले. मग मागे जाऊन त्यांनी पत्रा उचलला आणि काठीने चुना ढवळला.

जुम्याच्या नमाजानंतर लोक अंगणात थांबले. इंजिनियरचा कागद वाचून दाखवला गेला. ठरावाला हात वर व्हायच्या आधी मिस्त्री विहिरीच्या काठावरून उठले आणि मुतवल्लींकडे बोलायची परवानगी मागितली. त्यांची हिंदी मोडकी होती, पण त्या दिवशी ती सगळ्यांना समजली.

"पानी चारों दीवार में आया था. तीन सूख गई. ये नहीं सूखी, क्योंकि इसका मुँह मैंने बंद किया था. चूना कमजोर नहीं है. मेरा सिमेंट गलत था."

 पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर माणसाने विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलात. मिस्त्री म्हणाले, भीतीने. कुणाच्या? "आप लोगों के डर से. और मेरे नाम के डर से." मागून कुणीतरी पुटपुटलं, ते नीट ऐकू आलं नाही. दारापाशी सिद्धार्थ उभा होता. तो वडिलांना न सांगता आला होता आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी चालू ठेवून आला होता.

मुतवल्लींनी एकच प्रश्न केला. उस्ताद चुना वापरत होते, शिकलात चुना, मग सिमेंट का लावलं?

मिस्त्रींनी उत्तर दिलं. "उस वक्त मेरे घर को भी सिमेंट नहीं था, साहब. मिट्टी की दीवार थी. मैंने सोचा, जो सबसे अच्छा होता है, वो यहाँ लगना चाहिए."

 मुतवल्लींनी ठराव पुढे ढकलला. रमजानच्या आधी इंजिनियर पुन्हा येईल, तोवर मिस्त्रींना जे करायचं ते करू द्यावं, भिंत सुकली तर ठीक, नाहीतर पाडावी, असं त्यांनी सांगितलं. काहींना ते पटलं नाही. पण हात कुणी वर केला नाही.

मिस्त्रींच्या हातात एक हिवाळा होता. त्यांनी मशीन लावू दिलं नाही. छिन्नीने, वीतभर वीतभर, खालून वर, सिमेंटचा गिलावा सोलून काढला. आतल्या विटा ओल्या, हाताने दाबल्या तर भुगा होणाऱ्या निघाल्या. मोठमोठ्या परातींत चिकणमाती कालवून तिचा लेप ते उघड्या भिंतीवर देत. लेप सुकला की खार ओढून पांढरा पडे. तो काढून टाकायचा, नवा द्यायचा. भिंतीच्या भेगेत ते कापडात बांधलेलं खडेमीठ ठेवून बघत. सकाळी मीठ पाझरलेलं असलं की लेप पुन्हा. डिसेंबरभर मीठ रोज पाझरत होतं. नमाजाला आलेले लोक आता त्यांना वेगळ्या नजरेने पाहत. काही जण सलाम करायचे थांबले. एक म्हातारे गृहस्थ मात्र रोज पुडीचं मीठ घेऊन येऊ लागले आणि मिस्त्रींच्या पिशवीजवळ ठेवून जाऊ लागले. सिद्धार्थची भीती धंद्याबाबत खरी ठरली. गोपीपुऱ्यातल्या एका घराने दिलेलं काम परत घेतलं, आणखी एकाने फोन उचलणं बंद केलं.

जानेवारीत मिहराबच्या उजव्या हाताला, भिंतीच्या पोटात पुरलेला सागाचा खांब लागला. जुन्या सुरतेत भिंतींना असा लाकडी सांगाडा असतो. तो गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत कुजलेला होता. हे बाहेरून कुणाला दिसत नव्हतं आणि मिस्त्रींनी बुजवलं असतं तर कळलंही नसतं. त्यांनी काम थांबवलं, मुतवल्लींच्या दुकानात गेले आणि इंजिनियरला आत्ताच बोलवा म्हणून सांगितलं. मुतवल्लींनी विचारलं, याने निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर? मिस्त्री म्हणाले, जाऊ दे, पण यावेळी तुम्हाला आधी माहीत पाहिजे.

इंजिनियर आला. त्याने खांबाला खालून टेकू द्यायला लावले, कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांधायला लावला. रमजानच्या आधी तो पुन्हा आला तेव्हा भेगेतलं मीठ आठवडाभर कोरडं होतं. मिठाकडे त्याने पाहिलं नाही. त्याने आपल्या यंत्राने भिंतीची ओल मोजली, नवीन कागद लिहिला. मोठी खोली राहिली. नवीन बांधकाम अंगणाच्या उत्तरेला करायचं ठरलं आणि त्यात चारांपैकी दोन हुजरे गेले. ते पाडले त्या दिवशी मिस्त्री सकाळपासून तिथे होते. विटा नीट रचून ठेवायला त्यांनी मजुरांना मदत केली.

पश्चिमेच्या भिंतीला चुन्याचा शेवटचा हात देऊन झाला तेव्हा त्यांनी ट्रस्टकडे एक मागणी केली. मिहराबच्या कडेला एक छोटी पाटी लावावी. पूर्वी कुणी सिमेंट लावलं, काय झालं, हे तिच्यावर नावासकट लिहावं. मुतवल्लींना हे पसंत नव्हतं. ही जागा बांधणाऱ्यांची नावं इथे नाहीत, राहून गेलेल्या फकिरांची नाहीत, मग एका चुकीसाठी माणसाचं नाव का लावायचं? मिस्त्री ऐकत नव्हते. ते मला म्हणाले, "चूक कोन करी गया ते माहीत पडाले पाहिजे. नही ते पुढला बी तेच करी." गवंडी दुसऱ्या गवंड्याचंच ऐकतो, ट्रस्टचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांत महिनाभर हा वाद चालू राहिला. इतक्या वर्षांत ते एकमेकांशी इतकं कधीच बोलले नव्हते.

वाद मिटायच्या आत मिस्त्री गेले. छातीचं दुखणं जुनं होतं, आयुष्यभराची धूळ आणि चुना. उन्हाळ्यात एका दुपारी टाकीजवळच खाली बसले ते उठले नाहीत. मातीला नवागामची गल्ली होती, जुन्या शहरातले पाच-सहा जण होते. रोज मिठाची पुडी आणणारे म्हातारे गृहस्थ त्यांच्यात होते.

पाचव्या दिवशी मुतवल्ली नवागामला भेटायला आले. मीही तिथे होतो. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले. पाणी प्याले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पाटीचा मजकूर होता, गुजराती आणि उर्दू. त्यांनी तो वाचून सांगितला. या भिंतीवर एकदा सिमेंट लावलं होतं, त्याने भिंत आतून सडली. ज्याने लावलं त्यानेच ते काढलं आणि भिंत वाचवली. इथे चुन्याखेरीज काही लावू नये. नाव नव्हतं. मिस्त्रींची आठवण चांगली राहावी म्हणून आपण ते गाळलं आहे, असं त्यांनी मायला समजावलं.

 सिद्धार्थने कागद मागून घेतला. गुजराती त्याला वाचता येतं. त्याने तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"नाव टाका," तो म्हणाला. "आणि खाली मराठीत पण लिहा. आता सगळे गवंडी आमच्याकडचेच येतात."

 पुन्हा एकदा विचार कर, असं मुतवल्लींनी सौम्यपणे सुचवलं. सिद्धार्थने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही. तेव्हा मुतवल्लींनी पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, मिस्त्रींचं पूर्ण नाव काय. त्यांना ते कधी विचारावं लागलं नव्हतं.

सिद्धार्थने नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव. मुतवल्लींनी एकेक अक्षर विचारून ते लिहून घेतलं. पेनाला टोपण लावणार तोच मायने हात पुढे केला आणि थांबा म्हणाली. मग तिने मूळ गावाचं नाव सांगितलं.